साडेपाचशे ग्रॅमचा लांडगा

2023 साली गिनेस बुकाने जगातलं सर्वांत बुटकं जिवंत कुत्रं म्हणून फ्लोरिडातल्या ‘पर्ल’ नावाच्या चिवावा कुत्रीची नोंद केली. उंची 9.14 सेंटिमीटर, लांबी 12.7 सेंटिमीटर, वजन 553 ग्रॅम. पाणी प्यायचा स्टीलचा पेला शेजारी ठेवला तर बहुधा पेलाच उंच भरेल. घराणंही विक्रमवीरांचंच. आधीचा विक्रम 9.65 सेंटिमीटरचा होता, तो पोर्तो रिकोतल्या मिलीचा, आणि मिली ही पर्लची मावशी. आता दुसरं टोक पाहा. मिशिगनमधला झ्यूस हा ग्रेट डेन 111.8 सेंटिमीटर उंच होता, वजन 70 किलो. उंचीत 12 पट फरक, वजनात सव्वाशे पट. आणि जीवशास्त्राच्या लेखी दोघंही एकाच जातीचे, लांडग्याचे वंशज. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत कुठल्याही एका जातीत एवढी तफावत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी छोटं कुत्रं पाळावं, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अगदी छोटं कुत्रं म्हणजे इथे तीन किलोंच्या आतबाहेरचं: चिवावा, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, आजचा पॉमेरेनियन. या कुत्र्यांचे फायदे सांगणारे आणि तोटे सांगणारे दोघंही नकळत एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, ती म्हणजे त्यांचं वजन. म्हणून हे वजन मुळात एवढं उतरलं कसं, ते आधी पाहायला हवं.

2007 साली अमेरिकेतल्या इलेन ऑस्ट्रँडर यांच्या संशोधनगटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की छोट्या जातींच्या कुत्र्यांमध्ये आयजीएफ-1 या जनुकाच्या परिसरात सारखीच खूण सापडते. हे जनुक शरीराची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाचं. नेमका बदल कोणता, हे 2022 मध्ये हाती लागलं आणि खरा धक्का तेव्हा बसला. छोटेपणाचा हा बदल माणसाने केलेल्या पैदाशीतून आलेलाच नव्हता. सायबेरियात सापडलेल्या 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही तो होता. कोल्हे आणि अमेरिकेतले कायोटी यांच्यात तर ही छोटेपणाची आवृत्तीच आढळते. म्हणजे कुत्रा माणसाळण्याच्या कितीतरी आधी बुटक्या कुत्र्याचं बीज लांडग्याच्या रक्तात पडलेलं होतं. माणसाने ते निवडून-निवडून वर काढलं. अर्थात सगळा कारभार या एकाच जनुकाचा नाही. कुत्र्यांच्या आकारातल्या फरकात त्याचा वाटा साधारण 15 टक्के, बाकीचं काम इतर बरीच जनुकं मिळून करतात.

ही निवड माणूस फार जुन्या काळापासून करत आलाय. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने पब्लियस नावाच्या गृहस्थाच्या इस्सा या लाडक्या कुत्रीवर कविता केली होती. चीनच्या राजवाड्यांत पेकिनीज वाढवले जात. 1860 मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा ग्रीष्मप्रासाद लुटला, तेव्हा डन नावाच्या कॅप्टनला तिथे सापडलेली एक पेकिनीज कुत्री त्याने राणी व्हिक्टोरियाला नजर केली. तिचं नाव ठेवलं ‘लूटी’. निर्लज्जपणाचीही कमाल असते! ती 1872 पर्यंत इंग्लंडच्या राजवाड्यात राहिली.

पण छोट्या कुत्र्यांच्या इतिहासात राणीचं खरं कर्तृत्व वेगळंच आहे. 1888 साली ती इटलीतल्या फ्लोरेन्सहून मार्को नावाचा पॉमेरेनियन घेऊन आली. बाल्टिक समुद्रालगतच्या पॉमेरेनिया प्रांतातली ही कुत्री तोवर चांगली दांडगी असत. मार्को मात्र जेमतेम साडेपाच किलोंचा. राणीला आवडला म्हणून लोकांना आवडला, आणि पैदास करणारे लहानातलं लहान पिल्लू शोधू लागले. आज अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पॉमेरेनियनचं वजन साधारण 1.4 ते 3.2 किलो आहे. 1901 मध्ये राणी गेली तेव्हा टुरी नावाचा पॉम तिच्या पलंगावर होता. आपल्याकडच्या वाड्यांत आणि चाळींत ‘पामेरियन’ म्हणून जो पांढराशुभ्र, भुंकून जीव खाणारा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला, तो बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ असे. ‘हम आपके हैं कौन’मधला टफीसुद्धा स्पिट्झच. तो आकाराने मोठा, काटक आणि आपल्या हवेला सरावलेला. हा फरक लक्षात ठेवावा, कारण ‘आमच्याकडे पूर्वी पामेरियन होता, काही त्रास नव्हता’ या अनुभवावर विसंबून दोन किलोंचं पिल्लू आणणारे पुष्कळ असतात.

आता वजनाचं गणित. शरीर लहान होत गेलं की वजन झपाट्याने घटतं, पण कातडीचं क्षेत्रफळ त्या मानाने कमी घटतं. त्यामुळे छोट्या प्राण्याची उष्णता भराभर निसटते आणि ती भरून काढायला दर किलोमागे जास्त इंधन लागतं. पशुवैद्य वापरतात त्या सूत्राने 2 किलोंच्या कुत्र्याला नुसतं स्वस्थ पडून राहायला दिवसाला सुमारे 120 किलोकॅलरी लागतात, 40 किलोंच्या कुत्र्याला सुमारे 1,100. वजन 20 पट, खाणं मात्र 9 पट. हालचाल धरून छोट्या कुत्र्याची दिवसाची गरज 180-190 किलोकॅलरींच्या आसपास जाते.

महिन्याच्या खर्चाच्या वहीत हे आकडे सुखावणारे दिसतात. खाद्याची छोटी पिशवी दीर्घकाळ पुरते, जंताचं औषध वजनाप्रमाणे थोडंसं, आंघोळीला अर्धी बादली, खाली फिरवताना उचलायची घाणही चिमूटभर. पण हाच आकडा उलटा वाचून पाहा. पनीरचा 30 ग्रॅमचा तुकडा म्हणजे 80-90 किलोकॅलरी. तो कौतुकाने भरवला की कुत्र्याचं अर्धं जेवण झालं! दिवसातून घरातल्या चौघांनी एकेक घास दिला, तर ते कुत्रं महिन्या-दोन महिन्यांत गोल होणार, आणि 2 किलोंच्या शरीरावर चढलेलं पाव किलो हे माणसाच्या मापाने सात-आठ किलो धरा.

याच्या उलटा धोका पिल्लांना. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा अगदीच थोडा आणि खर्च मात्र जोराचा. चार-पाच तास पोट रिकामं राहिलं, थंडी वाजली किंवा घरभर पाहुण्यांत नाचून दमलं, की रक्तातली साखर घसरते. आधी पिल्लू नुसतं मलूल दिसतं. मग चालताना मागचे पाय झोकांड्या खातात, नजर लागत नाही, हिरड्या फिकट पडतात आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर झटके येतात. शुद्धीत असेल तर बोटाने हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं, अंगाला ऊब द्यायची आणि तडक डॉक्टरकडे न्यायचं. दुकानातून आणलेल्या इवल्याशा पिल्लाचं ‘काल तर छान खेळत होतं’ असं जे होतं, त्यात अनेकदा ही साखर असते. म्हणून पहिले काही महिने दिवसातून चार-पाच वेळा खायला घालणारं माणूस घरात हवं. दोघंही सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या जोडप्याला हे जमणं अवघड.

औषध-विषाचं गणितही वजनावरच चालतं. डार्क चॉकलेटची 40 ग्रॅमची वडी घ्या. तिच्यात थिओब्रोमाइन साधारण 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. लॅब्रेडॉरने ती खाल्ली तर फार तर पोट बिघडेल. दोन किलोंच्या कुत्र्याला तेवढ्यात हृदयाची लय बिघडून फिट्स येऊ शकतात. बेदाणे आणि मनुका कुठल्याही कुत्र्याला वाईटच. कांदा-लसूण घातलेला रस्सा, जमिनीवर घरंगळलेली पॅरासिटामॉलची गोळी, या सगळ्याला छोट्या शरीरात सावरायला जागाच नसते.

शरीराची रचनाही या घटवलेल्या मापाची किंमत मोजते. कवटी लहान झाली तरी दातांची संख्या तीच, 42. ते लहानशा जबड्यात दाटीवाटीने उगवतात, दुधाचे दात पडत नाहीत, कीट साचतं, आणि सहा-सात वर्षांच्या चिवावाच्या तोंडाला वास येऊ लागतो. पुष्कळ चिवावांच्या टाळूवर बोट फिरवलं तर मध्यभागी एक मऊ जागा लागते. हाडं जुळलेलीच नसतात. गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकणं हा तर या मंडळींचा खास आजार. फिरताना कुत्रं अचानक मागचा एक पाय वर धरतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चारही पाय टेकतं. मालकाला गंमत वाटते, ती गंमत नसते. श्वासनलिकेच्या कूर्चा ढिल्या पडल्या की बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला सुरू होतो. गळपट्टा ओढला की तो वाढतो, म्हणून अशा कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टाच घालावा. उतारवयात हृदयाची झडप गळू लागते.

आणि हाडं. पुढच्या पायाची मनगटाजवळची दोन हाडं इतकी बारीक असतात, की सोफ्यावरून मारलेल्या उडीने किंवा मुलाच्या हातून सुटल्याने मोडतात. त्या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे जुळायलाही वेळ लागतो. घार उचलून नेईल, ही गच्चीवर कुत्रं सोडणाऱ्यांची आवडती भीती. घारीचं स्वतःचं वजन किलोच्या आसपास, ती दोन किलोंचं कुत्रं काय उचलणार! खरे धोके घरातच असतात: अंधारात पडणारा पाय, झोपेत वळलेलं अंग, आपटणारं दार, लिफ्टची फट. रस्त्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी. बिबट्याच्या मुलखात तर लहान-मोठं हा भेदच उरत नाही. अकोले भागातल्या बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खाद्याच्या वजनातला 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला.

एवढं सगळं वाचून वाटेल की हा प्राणी चार वर्षंही काढत नसेल. इथेच निसर्गाचं नवल आहे. हत्ती उंदराहून जास्त जगतो, देवमासा हत्तीहून. मोठा प्राणी जास्त जगतो हा सर्वसाधारण नियम. कुत्र्यांच्या जातीत मात्र तो उलटा फिरतो. ग्रेट डेन 7 ते 10 वर्षांत थकतो, चिवावा 14 ते 16 वर्षं सहज काढतो. 2013 साली कॉर्नेलिया क्राउस आणि सहकाऱ्यांनी 74 जातींची माहिती तपासली, तेव्हा दर 2 किलो वजनामागे आयुष्य सुमारे एका महिन्याने कमी होताना दिसलं. मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात असं नव्हे, तर त्यांचं वार्धक्य सुरू झालं की ते वेगाने पुढे सरकतं. थोड्याच महिन्यांत भरमसाट वाढण्याची किंमत शरीर पुढे मोजतं, असं मानलं जातं.

मला हा छोट्या कुत्र्याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो आणि सर्वांत मोठी जबाबदारीही. तिसरीतल्या मुलीच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू ती नोकरीला लागेपर्यंत घरात असतं, आणि ती बंगळुरूला गेली की ते आई-बाबांकडे राहतं. निवृत्तीनंतर सोबतीला म्हणून 67व्या वर्षी आणलेलं पिल्लू आजोबांच्या ऐंशीपर्यंत पुरतं. आजोबांना ते उचलता येतं, फिरवताना ओढून पाडत नाही, मांडीवर बसतं. वयस्कर माणसाला यापेक्षा सोयीचं कुत्रं नाही. फक्त आपल्यामागे त्याचं कोण करणार, हे आणतानाच घरात बोलून ठेवलेलं बरं.

स्वभावाबद्दल एक गैरसमज पक्का आहे. कुत्रं छोटं म्हणजे गरीब! 2008 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो मालकांच्या माहितीवरून जातवार स्वभाव मांडला, त्यात आक्रमकतेत डॅशहुंड आणि चिवावा सर्वांत वर होते. पिट बुल नव्हे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2010 मध्ये हजारावर मालकांना प्रश्न विचारले, तेव्हा कारणाचा एक धागा मिळाला: छोट्या कुत्र्यांचे मालक शिस्तीत कमी सातत्य ठेवतात आणि शिकवतातही कमी. जर्मन शेफर्ड पाहुण्यांवर गुरगुरला तर घर हादरतं. चिवावा गुरगुरला की मोबाइल काढून व्हिडिओ होतो. शिवाय या कुत्र्याला जगभर गुडघेच गुडघे दिसतात आणि विचारल्याशिवाय कोणीही येऊन त्याला उचलतं. चावण्याशिवाय दुसरं कोणतं उत्तर त्याच्याकडे शिल्लक असतं? आणि चावा छोटा असला तरी रेबीज छोटा होत नाही. लस दरवर्षी टोचलीच पाहिजे. त्याच्या मनातला स्वतःचा आकारही जरा निराळा असावा. न्यूयॉर्क राज्यातल्या एका अभ्यासात, 2018 साली, असं दिसलं की छोटे नर मुतताना मोठ्या नरांपेक्षा पाय जास्त उंच उचलतात. खूण वर लागली की मागून येणाऱ्या कुत्र्याला वाटावं, कोणी मोठा गडी येऊन गेला!

या देहात पूर्ण कुत्रा असतो, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धात मिळाला. फेब्रुवारी 1944 मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात यॉर्कशायर टेरियर कुत्री सापडली. वजन 1.8 किलो, उंची 18 सेंटिमीटर. ती तिथे कशी पोचली, हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. बिल विन या अमेरिकन सैनिकाने तिला दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतलं, ‘स्मोकी’ नाव ठेवलं आणि आपल्या शिध्यातला घास देत शिकवलं. पुढे फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर, लिंगायेन आखाताजवळच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खाली 21 मीटर लांबीची नळी होती, व्यास 20 सेंटिमीटर, पण सांध्यांतून झिरपलेल्या मातीने ती जागोजागी अर्धी बुजलेली. खणायचं तर तीन दिवसांचं काम, शिवाय 40 विमानं हलवावी लागणार आणि ती शत्रूच्या बॉम्बफेकीला उघडी पडणार. विनने स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली आणि दुसऱ्या तोंडाशी जाऊन तिला हाका मारायला सुरुवात केली. ती काही फूट आत गेली, परत फिरली, हाक ऐकून पुन्हा निघाली, मध्येच दोरी अडकली ती सुटली, आणि शेवटी धुळीच्या लोटातून दोन डोळे दिसले. शेवटचे काही फूट ती धावतच आली. दोरीमागून तार आली. दहा सेंटिमीटरच्या फटीतून हे काम लॅब्रेडॉर करूच शकला नसता. स्मोकी रुग्णालयांत जखमी सैनिकांच्या पलंगांवरही फिरली, युद्धानंतर विनसोबत क्लीव्हलँडला राहिली आणि 1957 मध्ये गेली. आजही कर्णबधिर माणसांना दाराची घंटा वाजली, तान्हं रडलं हे येऊन सांगण्याचं काम अशी छोटी कुत्री उत्तम करतात.

हौसेने त्यांचं नुकसानही तितकंच केलं. सिनेमांतून आणि नटनट्यांच्या पिशव्यांतून चिवावा दिसू लागले, तशी अमेरिकेत मागणी उसळली आणि 2010 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आश्रयगृहांत टाकलेल्या चिवावांची एवढी गर्दी झाली, की त्यांना विमानाने दुसऱ्या राज्यांत पाठवावं लागलं. आपल्याकडे 2003 च्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पगच्या बाबतीत असंच घडलं.

आता बाजारात ‘टीकप’ हा शब्द जोरात आहे. अशी कोणतीही जात नाही. केनेल क्लब ती मानत नाहीत. टीकप म्हणून विकलं जाणारं पिल्लू एक तर वेतातलं सर्वांत कुपोषित असतं, किंवा दोन कमजोर छोट्या कुत्र्यांची संतती, किंवा सरळ वय वाढवून सांगितलेलं. सहा आठवड्यांचं पिल्लू तीन महिन्यांचं म्हणून दाखवलं की ते आपोआप ‘टीकप’ होतं! 2017 च्या श्वानपैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याकडे राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती मागावी. आणि पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ती पोसलेली आहे का, माणसाला बुजते का, गुडघे धड आहेत का, हे डोळ्यांना दिसतं. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून यावं.

सोसायटीची भीती बाळगायचं कारण नाही. भारतीय प्राणिकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करूनही कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढावा. प्रवासात छोटेपणाचा उघड फायदा विमानात मिळतो: काही कंपन्या पिशवीसकट ठरावीक वजनापर्यंतचं कुत्रं केबिनमध्ये नेऊ देतात, मोठ्याला सामानाच्या कप्प्यात जावं लागतं. पावसाळ्यात पोट जमिनीपासून वीतभरही वर नसल्याने प्रत्येक फेरीनंतर ते कोरडं करावं लागतं, आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपावी लागते. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पशुवैद्य सहसा थोडं मोठं, दणकट कुत्रं सुचवतात. त्यामागे मुलाची काळजी असतेच, पण चिवावाच्या हातापायांची जास्त.